साखरेची कुपनं

लढाईच्या दिवसांत जुन्या जालन्यात साखर कुपनावरच मिळायची. आमच्या शेजारच्या मावशी बाजार उठायच्या वेळी जायच्या, म्हणजे भाजी उतरलेल्या भावात मिळे. "बराबर तोल रे भाऊ," म्हणत त्या काट्यावरची नजर हलवत नसत.

गल्लीतल्या कासारणीच्या मुलीचं लग्न ठरलं, पण गोडाला साखर नव्हती. मावशींनी आधी स्वतःचं कुपन काढून ठेवलं, मग घरोघर फिरल्या. "महिनाभर गुळाचा चहा प्या, काही बिघडत न्हाई," म्हणत त्यांनी गल्लीची कुपनं जमवली. माझ्या आईनंही मुकाट्यानं दिलं.

लग्नात बुंदी झाली. कासारीण मावशींचा हात धरून रडायला लागली.

"रडतीस काय? पंगत बसून राह्यली, जल्दी चल वाढायला," म्हणत मावशींनीच बुंदीची परात उचलली.