फुकटचा फॉन्ट

आमचं टायपिंगचं दुकान आहे, कोल्हापुरात, कॉलेजच्या वाटेवर. मुलगा चालवतो, सून टाइप करते आणि मी वाचून देते. हस्ताक्षर बघत बघत टाइप केलं की सुनेच्या ओळी सुटतात. म्हणून मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायचं आणि तिनं नजर पडद्यावर ठेवून बोटं चालवायची. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायला चौथी पुरते. समजायला किती लागते ते मला ठाऊक नाही. मुलगा पंधरावी झालाय.

हे घडलं तेव्हा मुरगूडच्या एका मुलीचा प्रबंध आमच्याकडे होता. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबरं विकणाऱ्या बायकांवर तिनं चार वर्षं काम करून पाच वह्या भरल्या होत्या. शेवटचं प्रकरण तेवढं वहीत नव्हतं. ते तिनं सुनेजवळ बसून तोंडानं सांगितलं आणि सुनेनं सरळ यंत्रावर घेतलं. सगळं टाइप होऊन तयार होतं. सोमवारी विद्यापीठात द्यायचं होतं. मुदत एकदा वाढवून झाली होती, परत वाढणार नव्हती.

बुधवारी एक गृहस्थ वास्तुशांतीच्या पत्रिकेसाठी आले. मजकूर त्यांनी मेलवर पाठवला होता. उघडला तर अक्षरांच्या जागी नुसते कंस आणि फुल्या. हे आमच्याकडे नेहमीचं. मराठी टायपिंगचे फॉन्ट ढीगभर, आणि ज्यात लिहिलंय तो आपल्याकडं नसला की मराठीची अशी दशा होते. फॉन्ट विकत मिळतो. पण मुलगा तो इंटरनेटवर फुकट हुडकतो.

हुडकता हुडकता पडदा लालभडक झाला. यंत्रावरच्या सूचना मराठीत येतात, म्हणून मी वाचलं. पुढची साइट धोकादायक आहे, असं लिहिलं होतं.

“अरे, धोका हाय म्हणतंय.”

“त्याला सगळीकडंच धोका दिसतोय, आई. रोजचं हाय ते.”

“मागं फिरायचं बटण दिलंय की.”

“मग पावण्यांना बी सांगू का, मागं फिरा म्हणून?”

गृहस्थ हसले. मुलानं खालच्या बारीक अक्षरांवर दाबलं आणि पुढं गेला. लगेच कोपऱ्यातून दुसरी पाटी आली. व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामनं ती फाइल अडवली होती. मुलानं तो प्रोग्रामच बंद केला. “धा मिनटं,” म्हणाला. दसऱ्याला याच यंत्राला झेंडूची माळ घालून पूजा केली होती त्यानं. राखणदाराला मात्र मानगूट धरून बाहेर काढलं. पत्रिका छापून झाली. दहा मिनिटं संपली का, ते कोणी बघितलं नाही. मीही नाही.

गुरुवारी सकाळी सून ओरडली. प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं आणि एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत एक पत्र होतं. सुनेनं वाचून सांगितलं: फायलींना कुलूप घातलंय, पैसे पाठवा, किल्ली देतो. वर घाबरू नका, आम्ही मदत करू, असंही लिहिलं होतं. घरात घाण करून वर पाणी देऊ का विचारणारा हा माणूस.

“प्रबंध?” मी विचारलं.

“दुसरी प्रत ठेवलीया की, आत्या.” सुनेनं ती काढली. तीही बंद. दुसरी प्रत त्याच यंत्रात, शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवलेली. दोन कुलपं आणि दोन्हीच्या किल्ल्या एकाच खुंटीला. प्रबंधवाल्या मुलीचा पेनड्राइव्ह मंगळवारपासून यंत्रातच खोचलेला होता, तोही गेला.

दुरुस्तीवाला आला. त्यानं आधी इंटरनेटची वायर उपटली. फॉन्ट म्हणून जे घेतलं त्यातूनच हे आत आलं, म्हणाला. पैसे भरले तरी किल्ली मिळेलच असं नाही. सगळं पुसून यंत्र नव्यानं उभं करावं लागेल.

तो गेल्यावर मुलगा आम्हाला म्हणाला, “तिच्या पेनड्राइव्हमधनंच आलं म्हणायचं. तिला काय कळतंय?”

पोटचा पोरगा, पण घासात केस यावा तसं झालं मला.

फोन केल्यावर दुपारच्या एसटीनं मुलगी आली. मुलानं सुरुवात केली, “ताई, पेनड्राइव्ह कुठंकुठं लावलेला तुम्ही?”

“कॉलेजात लावलेला, दादा.” मग तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा उतरला. “माझ्यामुळं झालं व्हय हे? तुमचं समदं यंत्र...” ती माफी मागायला लागली. जिचं सगळं गेलं तीच.

“गप बस,” मी म्हणाले. “तुझ्यामुळं काय बी झालं न्हाय. ह्यानं फुकटचा फॉन्ट घेतला. धोका हाय म्हणून मी वाचून दावलं, तरी दाबलं. राखणीचं बंद केलं. आता तुझ्यावर ढकलतोय.”

“आई!”

“काय आई? खोटं हाय का?”

मुलगी माझ्याकडं वळली. “आजी, तुम्ही वाचलंत. मग हात का न्हाय धरला त्येंचा?”

उत्तर होतं, पण द्यायच्या लायकीचं नव्हतं. गिऱ्हाइकासमोर पोराचा अपमान नको म्हणून मी बुधवारी जास्त बोलले नव्हते.

शुक्रवारी यंत्र कोरं होऊन आलं. मुलीनं इंटरनेटची वायर स्वतःच्या पिशवीत टाकली. नवा पेनड्राइव्ह आणला होता. एक प्रकरण झालं की त्यात घ्यायचं आणि लगेच काढून तिच्याकडं द्यायचं. तीन दिवस मी वह्या परत वाचल्या, सुनेनं परत टाइप केलं. रविवारी माझा आवाज बसला, तेव्हा उरलेलं मुलीनं वाचलं. शेवटचं प्रकरण तिला पुन्हा तोंडानं सांगावं लागलं. मधेच अडायची. “ह्येच्या म्होरं काय सांगितलेलं मी, वहिनी?” सुनेला आठवेना. टाइप करणारी बाई कान आणि बोटांनी काम करते, मनात काही ठेवत नाही. बावीस पानांचं प्रकरण तेरा पानांत संपलं.

सोमवारी सकाळी छपाई झाली. मुलीनं गठ्ठा मांडीवर घेऊन शेवटची पानं चाळली.

“दादा, सरांनी इचारलं, शेवटाला एवढं तोकडं का केलंस, तर काय सांगू?”

मुलगा पाठ करून प्रिंटरमध्ये कागद घालायला लागला. प्रिंटर भरलेला होता. कागद आत जाईनात, तरी तो ढकलत राहिला. ती गठ्ठा छातीशी धरून बाइंडिंगवाल्याकडं निघून गेली.