दाराबाहेर बसलेला डॉक्टर

पोरगी जमिनीवर निळी पडली होती आणि तिला कोणी हात लावत नव्हतं. ती रडली नव्हती. वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही आणि नाळ कापल्याशिवाय मूल उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नाळ आधी कापली तर वार बाईच्या काळजाला चढते, असं सगळ्या म्हणत. उबळ येऊन वार पडावी म्हणून सुईण माझीच वेणी माझ्या तोंडात कोंबत होती. रक्त थांबत नव्हतं. माझं ते पहिलं बाळंतपण.

सासऱ्यांनी चिखलीहून बैलांच्या दमणीत घालून डॉक्टर आणले. पण सासू दारात आडवी उभी राहिली. पुरुषमाणूस आत येणार नाही.

"नाही येत," डॉक्टर म्हणाले आणि दाराकडे पाठ करून ओट्यावर बसले. "मी सांगतो, तुमी करा, माय. लेकरू रडलं काय?"

"नाही."

"मंग उचला त्याले."

"वार पडली नाही अजून."

"वारेले घाई नाही. लेकराले हाय."

"आन् वार काळजाले चढली तं? सून भरून द्याल का मले?"

"चढली तं साऱ्या गावात माह्या नावानं बोंब मारा. पयले बोटाले फडकं गुंडाळून त्याचं तोंड पुसा. पाठ चोळा."

सासूने सुईणीला बाजूला सारलं आणि स्वतः पुसलं, चोळलं. बऱ्याच वेळाने पोरगी मांजरीसारखी कण्हली, मग रडली. डॉक्टरांनी उकळलेला दोरा आणि पातं मागे न बघता दारातून आत दिलं. सासूने दोन गाठी मारून मध्ये कापलं.

"सून काऊन बोलत नाही?"

"तोंडात वेणी हाय तिच्या."

"काहाडा ते! गाय हाय का ते, कडबा चारून राह्यले?"

मग पोरगी माझ्या छातीशी दिली. बेंबीखाली पोट चोळायला सांगितलं, कणीक मळतात तसं. सासूने चोळलं. वार पडली, रक्त आटोक्यात आलं.

डॉक्टर तोंडाचे फाटके होते आणि तपकीर ओढून अंगरखा घाण करत. पण त्यांच्यासारखा शिकवणारा मी दुसरा पाहिला नाही. पुढे बाजाराच्या दिवशी ते दवाखान्याच्या ओसरीवर सुईणींना बसवत. वाळका भोपळा म्हणजे पोट, चिंध्यांची बाहुली म्हणजे मूल, नाडा म्हणजे नाळ. आमची सुईण सगळ्यांत पुढे बसून शिव्या खाई आणि पुढच्या बाजाराला पुन्हा जाई. हाताखाली शिकायला आलेल्या तरुण डॉक्टरांना ते भोपळ्याकडे पाठ करून बसवत आणि नुसत्या तोंडाने बाळंतपण करवून घ्यायला लावत. हात बांधल्यावर तुमची विद्या किती उरते ते बघू, म्हणत.

जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी त्यांना आपल्या मंडळाचा अध्यक्ष केलं. तेव्हा बुलढाण्याच्या सभेत त्यांनी सुईणींना पुढच्या सतरंजीवर बसवलं. काही डॉक्टर उठून गेले. आमच्या डॉक्टरांनी त्यांना थांबवलं नाही. सुईणींना भोपळा घेऊन पुढे बोलावलं.

सासूने त्यांचं कौतुक कधी केलं नाही. पण गल्लीत कोणी अडली की ती न बोलावता जाई आणि दारातूनच ओरडे, "लेकरू पयले उचला!"

त्या दुपारी आम्ही दोघी जगलो, मी आणि माझी पोरगी.