साबळे सरांच्या घराची पायरी

मी गंगाखेडच्या टेलिफोन कचेरीत नोकरीला आहे. तालुक्यातल्या बऱ्या-वाईट बातम्या आधी माझ्या कानावरून जातात आणि मग ज्याच्या त्याला पोहोचतात. कुणाला मुलगा झाला, कुणाची सोयरीक मोडली, सगळं घरच्यांच्या अगोदर मला ठाऊक. आणि साबळे सर गेल्याची बातमी मला कुणी सांगितली, तर परभणीच्या एस.टी.तल्या कंडक्टरनं, तिकीट फाडता फाडता. "तुमी वालूरचे ना? तुमच्या गावचे ते काळ्या टोपीवाले मास्तर गेले की. झाला की आठवडा." मी म्हणालो, "बरं." बरं! माणूस गेल्याचं ऐकून "बरं" म्हणणारा मराठवाड्यात मी एकटाच असेन. मग खिडकीतून बाहेर बघत बसलो, गाडी थांबली तसा उतरलो, आणि ती धुरळा उडवत निघून गेल्यावर लक्षात आलं की हे परभणी नव्हे, पोखर्णी आहे. फाट्यावर तसाच उभा राहिलो. सरांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, "लेका, तुला उतरायची तालीम दिली नव्हती का मी?"

दिली होती. सर आमच्या हायस्कुलात गणित शिकवायचे, पण त्यांचं खरं शिकवणं शनिवारी, शाळा सुटल्यावर सुरू व्हायचं. आमच्या गावात शाळा दहावीपर्यंत, पुढं सेलू नाहीतर परभणी. आणि गावाचा जणू रिवाजच पडून गेला होता की पोरं मॅट्रिक होऊन, कपाळाला गुलाल लावून, पत्र्याची पेटी घेऊन परभणीला जायची आणि पोळ्याच्या आत पेटीसकट परत यायची. नापास होऊन नव्हे. परीक्षा कुठं झालेली असायची? विचारलं की म्हणायची, "तिथलं पाणी मानवंना." सगळ्या गावाला ते पटायचं, सरांना तेवढं पटत नव्हतं. परत आलेल्या एकेकाला गाठून त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि एक दिवस आम्हा नववीच्या पोरांसमोर निकाल जाहीर केला : "पाणी चांगलं हाय परभणीचं. ह्यांला एकट्यानं जेवण मानवंना." आम्ही हसलो. पण खरं होतं ते. घरात, शेतात, लग्नात, मयतीत, आम्ही जेवलो ते कायम कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून. ताटासमोर एकटं बसणं हे आमच्यापैकी कुणाच्या वाट्याला आलंच नव्हतं. खोलीवर पहिल्या रात्री डबा उघडला की पोरगं तो तसाच झाकून ठेवायचं, आणि आठवड्याभरात पेटी.

दहावीच्या पोरांना सर या भानगडीत घेत नसत. "त्यांला परीक्षेशिवाय काही दिसायलंच न्हाई. नववीचं पोरगं मोकळं असतं, त्याला पुढचं सांगावं." म्हणून शनिवारी दुपारी नववीनं थांबायचं. सर घरून रॉकेलचा स्टो आणायचे आणि तो पेटवायला लावायचे, माझ्या एकट्याच्याच भुवया त्यात जळल्या. अनोळखी गावात पत्ता कुणाला विचारावा (पानाच्या टपरीवर, घाईत असलेल्याला कधीच नव्हे), अंथरुणाची वळकटी कशी बांधावी, ताप आला तर कुणाच्या दाराची कडी वाजवावी... आणि या सगळ्यात मोठा धडा म्हणजे एकट्यानं जेवण्याचा. दर शनिवारी एकाची पाळी. बाकीच्यांनी लिंबाखाली बसायचं आणि ज्याची पाळी त्यानं रिकाम्या वर्गात, भिंतीकडं तोंड करून, डबा संपवून बाहेर यायचं.

माझी पाळी आली तेव्हा मी वर्गात गेलो, फडकं सोडलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि माझ्यासारख्या बोलक्या माणसाला पहिल्यांदाच भिंतीवरच्या पाली दिसल्या. एक घास घेतला. चावल्याचा आवाज आपल्याच कानात एवढा मोठा येतो हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात खिडकीत एक शेळी आली. शेळी म्हणजे काही माणूस नव्हे, तेव्हा नियम मोडत नाही, असा मी विचार केला आणि तिला अर्धी भाकरी दिली. तिनं ती संपवली, मग खिडकीतून उडी टाकून आत येऊन डबा संपवला, आणि माझी भूगोलाची वही तोंडात धरून बाहेर लिंबाखाली, थेट सरांसमोर जाऊन उभी राहिली. सरांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "जेवण झालं?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, शेळीला.

घरी आईला हा तमाशा सांगितला तर ती हसली नाही. चुलीपुढून म्हणाली, "यात काय शिकवायलाय मास्तर? आमी बाया जलमभर एकट्याच जेवतो की. सगळ्यांच्या मागून." सोमवारी मी हे सरांना मोठ्या चवीनं सांगितलं, आईचा आवाज काढून. सर हसतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ खडू हातात फिरवत राहिले. "तुझ्या आईला तासाला बोलवायला पाहिजे होतं रे," एवढंच म्हणाले. पुढं काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला सांगायच्या, की त्या दिवसापासून सर त्यांच्याबरोबरच जेवायला लागले आणि कुणी पाहुणा आला की काकूंची नुसती पंचाईत.

आणखी एक तालीम होती, खोली भाड्यानं घ्यायची. सर टोपी तिरपी घालून खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे, मालक व्हायचे आणि आमचा जीव काढायचे. "गाव कोणतं? बाप काय करतो? मित्र जमवणार का खोलीत? आडनाव काय?" आमच्यात मिलिंद होता, सगळ्यांत हुशार. ते दिवस नामांतराचे, विद्यापीठाच्या नावावरून गावंच्या गावं पेटलेली. हॉटेलात चहा पिणारी माणसंसुद्धा दाराकडं बघून मग बोलायची. मिलिंद समोर येऊन उभा राहिला, त्यानं गाव सांगितलं, बापाचं काम सांगितलं. सरांनी विचारलं, "आडनाव?" त्यानं सांगितलं. आणि पुढचा प्रश्न काही येईना. सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मिलिंदच म्हणाला, "न्हाई म्हणा ना सर, मालक न्हाईच म्हणत असतेत." सर म्हणाले, "ह्याच्या पुढचं मला शिकवता येईना. आपण दोघं जाऊ खोली बघायला." आणि दोन वर्षांनी खरंच गेले. परभणीच्या गल्ल्यांतून दिवसभर त्याच्याबरोबर फिरले, जिथं नकार मिळाला तिथं त्याच्या शेजारी उभं राहून नकार ऐकला, आणि दिवेलागणीला खोली मिळवून मगच गाडीत बसले. मिलिंद आज नांदेडला प्राध्यापक आहे.

मी मात्र मिलिंद नव्हे. मी परभणीला गेलो आणि पोळा यायच्या कितीतरी आधी पेटी घेऊन वालूरच्या स्टँडवर उतरलो. वाटेत "पाणी मानवंना" याची मी मनात उजळणी केली होती. पण गाडीतून पाय खाली ठेवतो तो समोर सर, पालेभाजीची पिशवी घेऊन. उजळणी केलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "सर, चटणी संपली म्हणून आलो." यापेक्षा मूर्ख कारण शोधूनही सापडलं नसतं. सर रागावले नाहीत. पेटीचा एक कान त्यांनी धरला, एक मी, आणि माझ्या घरी जायच्या ऐवजी आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकूंनी गरम भाकरी आणि येसराची आमटी वाढली. ताट एकच होतं. सर म्हणाले, "बस." आणि ते स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसले, घराकडं पाठ करून. काकूही आत परसात गेल्या. मी विचारलं, "सर, तुमी?" ते न वळता म्हणाले, "मी हितं हाय. तुझ्याकडं बघायलो न्हाई, बोलायलो न्हाई. तू जेव निवांत."

मी जेवलो. मध्ये रडलोही असेन, आमटी तिखट होती एवढं खरं. पण सबंध वेळ दारात ती पाठ होती, पांढऱ्या सदऱ्यातली, मानेपाशी जरा मळकी. जेवण झालं तसं सरांनी मला विचारलं, "संपलं?" आणि दुपारच्याच गाडीत परत बसवलं. माझ्या घरी सांगितलंसुद्धा नाही. पेटीवर काकूंची चटणी मात्र होती. खोलीवर गेल्यावर मी दार उघडं ठेवून जेवायला बसायचो आणि उंबऱ्याकडं बघायचो. कुणी दिसायचं नाही, पण दार उघडं असलं की घास उतरायचा. मी परत आलो नाही. शेजारचे विचारायचे, "दार लावत जा की, कुत्रं येईल." मी म्हणायचो, "शेळीपेक्षा बरं."

काकू गेल्यावर सर एकटे राहिले. लेक पुण्याला, बोलावत होती, ते गेले नाहीत. त्या साली दिवाळीनंतर मी भेटायला गेलो तेव्हा शेजारणीनं डबा आणून ठेवला होता आणि तो तसाच झाकलेला होता. दुपार उलटून गेलेली. मी म्हटलं, "सर, जेवण?" "जेवू की." मी गप्पा सुरू केल्या, आमच्या कचेरीतली गंमत सांगितली, एका म्हाताऱ्याला मी चुकून दुसऱ्याच्याच सुनेशी जोडून दिलं आणि दोघं अर्धा तास एकमेकांची विचारपूस करत राहिले. सर हसले. पण डब्याकडं हात गेला नाही. मी म्हणालो, "चला, संगंच जेवू." ते नको म्हणाले. मला वाटलं, माझ्या पोटाची त्यांना काळजी, एका माणसाचा डबा. मी आपला बडबडत राहिलो, मोठा शहाणा. शेवटी सर खाली बघत म्हणाले, "नववीच्या पोरांला शिकवलं... माझंच राहून गेलं रे. मला जमंना झालंय." आणि थोडं थांबून, "तू जरा पायरीवर बसतोस का?"

मी उठलो. पायरीवर जाऊन बसलो, घराकडं पाठ करून. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न बोलता इतका वेळ बसलो असेन. समोर रस्त्यावरून मेंढरांचा कळप गेला, एक ओळखीचा गडी "कवा आलाव?" म्हणाला, त्यालाही मी नुसता हात केला. मागून डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग भाकरी मोडल्याचा. पाण्याच्या तांब्याचा. मी वळलो नाही. शेवटी सरांचा आवाज आला, "संपलं." त्या संध्याकाळी निघताना मी म्हणालो, "येत जाईन सर, रविवारी." रविवार पुष्कळ आले आणि गेले. गाडी चुकली, पोरांची परीक्षा होती, पाहुणे आले... टेलिफोनवाल्याकडं कारणांचा तुटवडा नसतो, दिवसभर तेच तर ऐकतो आम्ही.

सर गेल्यावर काही आठवड्यांनी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. त्या दिवशी कचेरीत नांदेडचा कॉल आला, मिलिंदचा, माझ्यासाठीच. मी हॅलो म्हणालो, तो काही बोलेना. लाइन गेली असं समजून मी सवयीनं "बोला, बोला, लागलाय" म्हणालो. मग तो म्हणाला, "सरांला सांगायचं राहिलं यार." मी इकडून रिसीव्हर तसाच धरून बसलो. त्यानंही तिकडून ठेवला नाही. इतका शांत कॉल मी कधी जोडला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे खऱ्या रविवारी, मी वालूरला गेलो. दाराला कुलूप होतं. लेक सामान घेऊन गेली म्हणे. पायरी झाडलेली नव्हती, लिंबाची पानं पडलेली. ती हातानं सारली आणि बसलो, घराकडं पाठ करून. शेजारची मावशी, डबा देणारी, बाहेर आली.

"घरात कुणी न्हाई, भाऊ."

"माहीत हाय, मावशी."

"मग बसलाव कामून?"

मी म्हणालो, "बसतो जरा. जेवण होऊस्तोवर."

मावशीनं माझ्याकडं बघितलं, मग कुलपाकडं. आत गेली आणि तिचं दार तिनं उघडंच ठेवलं. उन्हं कलली. सेलूच्या गाडीचा हॉर्न स्टँडकडं वाजला, तरी मी उठलो नाही. मागून अजून "संपलं" म्हणून आवाज आला नव्हता.