सोनाआत्याची तिसरी ओळ

"आता चिठ्ठी कोन लिहून देईल वं माय?"

"हाय की तिची भाची. इंग्रजी साळंतली."

"ती? तिच्या तोंडातून मराठी बी निघून न्हाई राहिली!"

सोनाआत्याच्या दहाव्याला आलेल्या दोघी ओसरीवर बोलत होत्या. मी दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. बोलणं खोटं नव्हतं, परक्यांपुढे माझं तोंड उघडतच नसे, म्हणून बाहेर जाता येईना... त्याला आता पाच आठवडे झाले.

सोनाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन हिंगोलीला आमच्या घरी आली आणि इथलीच झाली. तिला बाळबोध वाचता येई, तेवढंच तिचं शिक्षण. वडील वकील, त्यांच्या कोर्टाचं सगळं काम उर्दूत. मला मात्र त्यांनी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात ठेवलं होतं. शाळा संपवून मी परत आले, त्याच हिवाळ्यात गावच्या दवाखान्यात मद्रासकडची नर्सबाई आली. तिला ना मराठी येई, ना उर्दू, फक्त इंग्रजी. खेड्यांतून आणि तांड्यांवरून येणाऱ्या बायका कंपाउंडरच्या तोंडून आपलं दुखणं सांगायला लाजत. त्या आत्याकडे येऊ लागल्या, आणि आत्या त्यांना माझ्यापुढे बसवू लागली. "बोलू नको तू, पन लिहून तर दे," म्हणाली.

पहिली चिठ्ठी तांड्यावरच्या धनीबाईची. मी पानभर लिहिलं, वळणदार अक्षरात, शाळेत शाबासकी मिळायची तसं. एकेक वाक्य चार-चार ओळींचं. नर्सबाईनं गर्दीत वरच्या दोन ओळी वाचल्या आणि कागद बाजूला ठेवला. धनीबाई दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. तिचा जीव वाचला, पण आत्या तो कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"रगत जाऊन राहिलं, हे कुठं लिहिलंस?"

"शेवटी."

"पयले काहून न्हाई?"



अंगणात तेव्हा हळदीच्या ओल्या कंदांचा ढीग पडलेला. शिजवायच्या आधी मधला गड्डा आणि त्याला फुटलेली हळकुंडं मोडून वेगळी करायची असतात. आत्यानं एक कंद उचलला. "तुझं वाक्य म्हंजी हा अख्खा कंद. असा कढईत टाकला तर निम्मा कच्चाच राहतो. मोडून दे बाय." मग ती हळकुंडं मोडत गेली आणि मी माझी वाक्यं. एक माणूस, एक गोष्ट, की टिंब. साधं वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात मी दहाव्या वर्षीच शिकले होते, आणि ते लहान मुलांसाठी असतं असं समजून मागे टाकलं होतं.

त्या वर्षी आत्या स्वतः इंग्रजी शिकली. पिवळ्या बोटांनी पाटीवर अक्षरं गिरवायची. 'शी फिव्हर' असं लिहिलं की मी 'शी हॅज फिव्हर' करून घ्यायची.

"त्या हॅजवाचून अडतं का?"

"अडतं, आत्या."

"बरं, बसू दे त्याला बी. पावना आला की पाट द्यावाच लागतो."

पुढे चिठ्ठ्या तीच लिहू लागली, वडिलांच्या जुन्या पाठकोऱ्या कागदांवर. प्रत्येक चिठ्ठीत तीनच ओळी. जसं, बाईला ताप आहे. तिचं मूल लहान आहे. आणि तिसरी, 'शी केम ऑन फूट.' ती पायी आली आहे. मी एकदा म्हटलं, या ओळीचं औषधाशी काय काम? खोडून टाक.

"राहू दे," आत्या म्हणाली. "सात कोस चालून आली, हे त्या बाईला कळाया नको?"

मी दवाखान्यात गेले तेव्हा पाहिलं. नर्सबाई चिठ्ठी वाचायची आणि आधी बाईला बाकावर बसवायची, पाणी द्यायची. मग नाडी बघायची. माझ्या कॉन्व्हेंटातल्या एकाही निबंधानं कुणाला बसायला जागा दिली नव्हती. मला त्या दिवशी आत्याचा एवढा अभिमान वाटला, की तिला तो सांगताच आला नाही... कधीच.

गेल्या बाजारच्या दिवशी धनीबाई सुनेला घेऊन दारात आली. ओसरीवर बसून तिनं सुनेचा ताप सांगितला, तिच्या तान्ह्याचं सांगितलं. मी आत्याचा पत्र्याचा डबा उघडला. पाठकोरे कागद, बोटभर उरलेली पेन्सिल, तिच्यावर अजून हळदीचा डाग. तीन ओळी लिहिल्या आणि दोघींबरोबर दवाखान्यात गेले.

नर्सबाईचे दोन्ही हात साबणानं भरलेले होते. चिठ्ठी घेता येईना. "टेल मी," ती म्हणाली.

धनीबाई माझ्याकडे बघत होती. मी चिठ्ठीकडे बघत म्हणाले,

"शी हॅज फिव्हर."

नर्सबाई हात धूत राहिली.

"शी हॅज अ स्मॉल बेबी."

तिनं मान हलवली, हात पुसले आणि सुनेला आत चलण्याची खूण केली. काम झालं होतं, इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण ती पोर भिंतीला धरून उभी होती, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. हातातला कागद मी घडी करून मुठीत धरला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"शी केम ऑन फूट."