सात चिऱ्यांचा अर्ज

अलिबागला कोर्टाबाहेर एक म्हातारे अर्ज लिहीत बसत. प्रत्येक वाक्य स्वतःशी पुटपुटून, पटलं तरच पुढे जात. बर्फाच्या लॉरीने आमच्या दारापर्यंतच्या वाटेचे चिरे फोडले, तेव्हा भरपाईच्या अर्जासाठी मी त्यांच्याकडे गेलो.

"अकरा चिरे फुटले," मी सांगितलं.

त्यांनी टाक खाली ठेवला. "चला, बघून येऊ."

उन्हातून मैलभर चालत ते आले, वाटेवर उकिडवे बसले आणि प्रत्येक भेगेवरून त्यांनी बोट फिरवलं. "चारांच्या भेगेत शेवाळ हाय. ते आधीच फुटलेले."

अर्जात त्यांनी सातच लिहिले. मला रागच आला.

तोच अर्ज घेऊन मी लॉरीमालकाकडे गेलो. त्याने अक्षर ओळखलं. "यांनी लिहिलंय? मग मला बघायला यायची गरज नाही. उद्या चिरे आणि गवंडी पाठवतो."