बगदादचे टोपीकर

आमच्या खात्याच्या इंग्रज साहेबाला जहाजांतलं फारसं कळत नव्हतं, तेलातलं तर काहीच नाही. ते त्याला आतून ठाऊक असावं. म्हणूनच की काय, तो आपल्या खापरपणजोबाबद्दल फार बोलायचा.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी कतारला, दोह्यात, तेल कंपनीच्या ऑफिसात कारकून होतो. तेल दुखानला निघायचं, उम्म सईदच्या बंदरात जहाजात भरलं जायचं आणि त्याचे कागद आम्ही दोह्यात बसून करायचो. आम्ही म्हणजे बहुतेक हिंदी माणसं. त्यात रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान बरेच. कतारी माणूस आम्हाला सरसकट ‘हिंदी’ म्हणायचा, इंग्रज ‘बाबू’ म्हणायचा आणि खोलीवर परतलो की आम्ही एकमेकांच्या गावांना नावं ठेवायचो.

एकदा साहेबाने सहज विचारलं, “तू कुठला?” मी रत्नागिरी जिल्हा सांगितला. मग तालुका विचारला. मग खाडी. मी गावाचं नाव घेतलं तसा तो खुर्चीतून उठलाच.

“खाडीच्या तोंडाशी किल्ला आहे, तेच ना?”

“तेच.”

त्या शुक्रवारी त्याने मला बंगल्यावर चहाला बोलावलं. हिंदी कारकुनाला पुढच्या दाराने आत घेतलेलं बघून त्याचा गोव्याचा बटलर इतका चक्रावला, की दोनदा ताट घेऊन नुसताच परत गेला. मडम कूलरसमोर मासिक चाळत बसली होती. साहेबाने भिंतीवरचं लहानसं चित्र काढून माझ्या हातात दिलं. लाल कोटातला गोरा माणूस, नाकाडा, हनुवटीला मधोमध खळी, डोळे साहेबासारखेच घारे.

“हा तुमच्या किनाऱ्यावरचा पहिला इंग्रज रहिवासी,” साहेब म्हणाला. “किल्ला घेतला तेव्हा आला. नंतर कंपनी सरकारची नोकरी सोडली, पण गाव सोडलं नाही. लोकांना त्याने शेती शिकवली, बागा लावून दिल्या. तापाने गेला. बायको विलायतेत मुलगा मागे ठेवून वारली होती, तरी पुन्हा लग्न केलं नाही, सगळं आयुष्य तुमच्या लोकांना दिलं. अजून तिथली माणसं त्याच्या थडग्यावर फुलं वाहतात म्हणे.”

कोकणातल्या माणसाला माड लावायला या लाल कोटवाल्याने शिकवलं, हे ऐकून मी चहाचा घोट तोंडातच धरून ठेवला. ते थडगं मला चांगलं ठाऊक होतं. टेकडीवरचं ‘गोऱ्याचं थडगं’. तिथे फुलं कोणी वाहत नसे. कोळी लोक होडी नवी केली की तिथे एक अंडं ठेवायचे आणि थोडी दारू ओतायचे, कारण तसं केलं नाही तर गोरा होडीमागे लागतो अशी समजूत होती. जिवंतपणी तो खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक होडीतून आपला वाटा काढून घ्यायचा आणि न देणाऱ्याला माडाला बांधून फोडायचा, असं आमच्याकडे सांगायचे. मेल्यावरही त्याची खोड गेली नसेल, म्हणून हा बंदोबस्त. यालाच साहेब भक्ती समजत होता.

तेव्हा मी चहाची तारीफ केली. चहा त्याचा होता.

“तुझी रजा आहे ना पुढच्या महिन्यात?” त्याने विचारलं. “मी घराण्याचा इतिहास लिहितोय. माझा कॅमेरा घेऊन जा. घर कुठे होतं, माणसं काय सांगतात, खरं काय ते सगळं शोधून आण.”

खरं काय ते. हे शब्द त्याचे होते, म्हणून ते मी आजवर लक्षात ठेवले आहेत.

गावी गेलो तो थेट टोपीकरांच्या घरी गेलो. टोपीकर हे आमच्या मोहल्ल्यातलं एक घराणं. माणसं उंच, तापट आणि डोळ्यांनी घारी. त्यांच्यातला एकजण उम्म सईदला कंपनीची लाँच चालवणारा सारंग होता आणि तिथल्या सगळ्या खलाशांना तो नको झाला होता. आपले पूर्वज बगदादचे, तिथे त्यांचा टोप्यांचा मोठा व्यापार होता, म्हणून आडनाव टोपीकर, असं तो दर जेवणाला ऐकवायचा. आपलं अरबी रक्त तो दोह्याच्या बाजारात खऱ्या अरबांनाही सांगायला जायचा. ते हसून “झैन, झैन, या हिंदी”, म्हणजे छान छान रे हिंदी, म्हणायचे आणि मासळीचा भाव मात्र तोच लावायचे.

मराठी चौथी शिकलेल्या पोरालाही ठाऊक असतं की जुने लोक टोपीकर कोणाला म्हणायचे. टोपीवाले म्हणजे फिरंगी, इंग्रज. पण आमच्या मोहल्ल्यात हे मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. तिथे प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या अरबी बंदरातून आलेलं होतं. गाव सोडून कुठेच न गेलेल्यांचे पूर्वज तर सगळ्यात लांबून आलेले.

सारंगाची फुफी, म्हणजे आत्या, घरी होती. सत्तरी ओलांडलेली, विधवा, ओसरीवर बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. साऱ्या गावाची ती फुफीच. मी सगळं सांगून म्हटलं, “साहेबाला त्या गोऱ्याची हकीकत पाहिजे. तुला काय माहीत हाय?”

ती हात न थांबवता म्हणाली, “मला नाय तर कोणाला माहीत असणार? आमचाच बाप तो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? आमची मूळची आजी नाखव्याची बायको. नाखवा दर्यात गेला, ती तरणीताठी मागं उरली. गोऱ्यानं बंगल्यावर ठेवली. दोन पोरगे झाले. गोरा मेला तसा दुसरा गोरा आला, त्यानं तिला पोरांसकट बाहेर काढली. मग ती हितं मोहल्ल्यात आली. कोण घरात घेईना. मासळी विकून तिनं पोरं वाढवली, खतना केली, मदरशात घातली. लोक टोपीकराची पोरं म्हणायचे, तेच नाव झालं.” तिने सुपातला कचरा फुंकून टाकला. “माज्या आजीनं मला सांगितलं, मी माज्या सुनांना सांगितलंय. यात चोरी कसली? त्या बाईनं काय केलं वाईट?”

“पण तुझा भाचा तर बगदाद सांगतो.”

“त्याला लाज वाटते,” ती म्हणाली. “पुरुष माणूस. त्याला पोरं वाढवणारी आजी नको, टोप्या विकणारा आजा पायजे.”

या सगळ्या प्रकरणात मला आदर वाटला तो या एका बाईबद्दल. तिने मला टेकडीखाली बंगल्याचं जोतं दाखवलं. नुसते दगड उरले होते, त्यांच्यावर कोणी जाळी वाळत घातली होती. मी जोत्याचा फोटो काढला, थडग्याचा काढला आणि तिचाही काढला. फोटोला ती पदर सावरून सरळ बसली आणि कॅमेऱ्याकडे तिने अशी नजर लावली, की मला त्या चित्रातल्या माणसाची आठवण झाली.

रजा संपवून बोटीने परत आलो. पहिल्याच शुक्रवारी साहेबाने बोलावलं. मी फोटो टेबलावर मांडले आणि त्याने सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. होड्यांचा वाटा सांगितला, माडाला बांधणं सांगितलं, अंडं आणि दारू सांगितली. मग नाखव्याची विधवा आणि दोन मुलगे.

साहेबाचा पाइप विझला होता. तरी तो ओढतच होता.

“किनाऱ्यावर अशा कहाण्या पुष्कळ असतात,” तो शेवटी म्हणाला. “नेटिव्ह लोकांना मोठ्या माणसाशी नातं सांगायची हौस असते.”

“हे लोक सांगत नाहीत साहेब, लपवतात,” मी म्हटलं.

मडमने मासिक खाली ठेवलं. आजवर पहिल्यांदाच तिला या इतिहासात गोडी वाटलेली दिसली. “त्या मुलांचं कोणी आज आहे का?” तिने विचारलं.

“आहेत. एकजण आपल्याच कंपनीत आहे. तुम्ही टँकर बघायला गेला होतात, तेव्हा लाँच त्यानेच चालवली.”

“तो उंच माणूस?” मडम म्हणाली, आणि तिने फुफीचा फोटो उचलून भिंतीवरच्या चित्राशेजारी धरला. मग नवऱ्याकडे बघितलं. मग ती हसली. फार नाही, पण साहेबाच्या कानांच्या पाळ्या लाल होतील इतकी.

पुढच्या आठवड्यात साहेबाला अचानक उम्म सईदची तपासणी करावीशी वाटली. कागद धरायला मला बरोबर घेतलं. धक्क्यावर गेल्यावर म्हणाला, बाहेर उभा असलेला टँकर बघायचाय. टँकरवर त्याचं काही काम नव्हतं.

लाँच सुटली. सारंग सुकाणूवर होता आणि साहेब त्याच्यासमोर फळीवर. शमालचा उत्तरेकडचा वारा सुटलेला, पाणी उसळत होतं, मी एका हाताने कागद आणि दुसऱ्याने कठडा धरलेला. साहेब मात्र हलला नाही. सारंगाचं नाक, हनुवटी, डोळे, तो असा बघत होता जसं बाजारात घोडा बघतात. खरं सांगायचं तर बघण्यासारखं होतंही. डोक्याला फडकं बांधलेलं, कातडी उन्हाने काळी पडलेली, आणि त्यात ते चित्रातले डोळे.

सारंग मला आमच्या बोलीत म्हणाला, “हा माज्याकडं काय बघतोय रे? मी काय केलं?”

“त्याचा खापरपणजोबा आणि तुमचा एकच, असं निघालंय सारंगभाई,” मी म्हटलं. “फुफीनं सांगितलं. गोऱ्याच्या थडग्यातला.”

सुकाणू त्याच्या हातात नसतं तर त्याने मला पाण्यात टाकलं असतं. “फुफी म्हातारी झालीय, तिला भ्रम होतो,” तो म्हणाला. “तू आमच्या घराण्याला बट्टा लावतोस? काफराची अवलाद करतोस आम्हाला?”

“काय म्हणतोय तो?” साहेबाने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सारंगाने स्वतःच उत्तर दिलं. आयुष्यभर साहेब लोकांना टँकरवर पोचवून त्याला कामापुरतं इंग्रजी येत होतं. छाती पुढे काढून तो म्हणाला, “साहेब, माय फॅमिली, बगदाद. ओल्ड फॅमिली. अरब. बाबू टॉकिंग लाय.”

मी साहेबाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बुडणाऱ्याला फळी सापडावी तसा तो उजळला.

“बगदाद!” तो म्हणाला. “अर्थात. दिसतंच आहे. हा चेहरा मेसोपोटेमियाचाच. मी पहिल्यांदा बघितला तेव्हाच मला वाटलं होतं.”

आणि उठून, तोल सांभाळत, त्याने सारंगाचा हात हातात घेतला. सारंगानेही सुकाणूवरचा एक हात काढून दिला. दोन घारी माणसं एकमेकांकडे कौतुकाने बघत उभी राहिली. एकाला आपल्या वंशात काळा नको होता, दुसऱ्याला गोरा नको होता, आणि दोघांचीही अडचण एका शब्दाने मिटली. त्या दोघांचं नातं होतं याबद्दल मला तोवर थोडी शंका असेल तर ती त्या क्षणी गेली. इतकं सारखं खोटं बोलणारी माणसं एका रक्ताचीच असली पाहिजेत.

टँकरजवळ गेल्यावर साहेब म्हणाला, “बघून झालं, परत चला.” “यल्ला, चला,” सारंग म्हणाला आणि त्याने लाँच अशी डौलात वळवली, जशी काही ती त्याच्या बापाची होती.

नंतर सगळं पटापट झालं. सारंगाला बढती मिळून तो बंदराचा मोठा सारंग झाला. साहेब पाहुण्यांना मुद्दाम त्याच्या लाँचमध्ये बसवायचा आणि आपला बगदादी सारंग म्हणून ओळख करून द्यायचा. सारंगाने खलाशांसमोर जेवणाला बसताना वेगळी चटई घालायला सुरुवात केली. साहेबाने साक्ष दिली म्हटल्यावर आमच्या लोकांनीही बगदाद कबूल करून टाकला. जी गोष्ट आपली माणसं वर्षानुवर्षं चेष्टेवारी नेत होती, ती एका इंग्रजाने म्हणताच खरी झाली. आमच्यातल्या एका हुशार गृहस्थाने तर माझ्या तोंडावर विचारलं, “साहेबापेक्षा तुला जास्त कळतं काय?” आणि त्याच आठवड्यात तो सारंगाकडे आपल्या मुलाच्या नोकरीसाठी अत्तराची बाटली घेऊन गेला.

पुढच्या रजेत फुफीला मी हे सगळं सांगितलं. तिला राग आला नाही, वाईट वाटलं. “आणि ती बाई?” तिने विचारलं. “ती कुठची झाली मग? ती पण बगदादची?” बगदादच्या गोष्टीत बायका नव्हत्याच.

साहेबाचा इतिहास छापून झाला. निवृत्त होऊन विलायतेला गेल्यावर त्याने ऑफिसात एक प्रत पाठवली. पुढे कामासाठी दोह्याला गेलो तेव्हा मी ती वाचली. थडग्याचा माझा फोटो त्यात होता, खाली ‘कृतज्ञ ग्रामस्थांनी जपलेली समाधी’ असं लिहिलेलं. खापरपणजोबा एकनिष्ठ विधुर, परोपकारी आणि तापाने मेलेला. फुफीचा फोटो नव्हता. तो मडमने आपल्याकडे ठेवून घेतला, असं बटलरने मला सांगितलं. का ठेवला ते तिलाच ठाऊक.

माझी मात्र साहेब जायच्या आधीच दुखानला बदली झाली होती. कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोहा सोडून त्या वाळूत जायचं म्हणजे शिक्षाच समजत. मीही दोन दिवस तोंड पाडून सामान बांधलं. तिथला साहेब खाणकामगारांच्या वस्तीतून आलेला ठेंगणा माणूस, अनाथाश्रमात वाढलेला. पहिल्याच दिवशी मी भीतभीत त्याला विचारलं, आपलं मूळ गाव कोणतं.

“काय माहीत,” तो म्हणाला. “पंपाचे वॉशर आले का ते बघ आधी.”

मी बघितले. आले होते. त्याच्या हाताखाली मी आठ वर्षं काढली, आणि माणसांच्या बापजाद्यांबद्दल मला त्या काळात एक अक्षर ऐकावं लागलं नाही.