काकूंचा राहिलेला हसरा शॉट

आमच्या शेजारच्या काकूंइतकं छान मरायला आख्ख्या चारकोपात कुणाला जमत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. तसं सांगायचा हक्कही त्यांना होता. लग्नाआधी अंधेरीच्या एका स्टुडिओत, एका कृष्णधवल खूनपटात त्यांनी प्रेताचं काम केलं होतं. नायिका वर्तमानपत्राची बातमीदार, अंबाड्यात पेन्सिल खोचून खुनी शोधणारी; आणि पहिल्याच प्रसंगात कोचावर मरून पडलेली बाई म्हणजे आमच्या काकू. पडद्यावर नाव नाही, तोंडी एक वाक्य नाही. पण त्या एका दिवसाच्या कामावर बाईंनी आख्खा जन्म काढला.

टीव्हीवर खुनाची मालिका लागली की माझ्या हातातला रिमोट गेलाच. "बघ, बघ, पोट हलतंय! ह्याला काय मेलेलं म्हणतात?" खुनी कोण, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नसे. वरच्या मजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हा सगळ्या बायका डोळे पुसत होत्या आणि ह्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "चेहरा किती सैल सोडलाय बघ. शिकवून येत नाही हो हे." मला कुठे तोंड लपवू असं झालं. अधूनमधून ती बातमीदारही त्यांच्या अंगात यायची. प्लंबर सांगितलेल्या दिवशी आला नाही की दुसऱ्या दिवशी पेन्सिल खोचून दारात उभ्या. "काल दुपारी तू नक्की कुठे होतास?" तो बिचारा घाबरून नको ते सगळं कबूल करून टाकायचा.

एका गोष्टीवर मात्र थट्टा चालत नसे. सिनेमात मेल्याचा शॉट दिला की त्या माणसाचा लगेच एक हसरा शॉट घ्यायचा, म्हणजे अपशकुन उतरतो, अशी त्या लाइनीतली रीत. काकूंचा नेमका तोच राहिला. लाइट गेली आणि पॅकअप झालं. पुढे वडिलांनी स्टुडिओत काय, थेटरातही पाऊल टाकू दिलं नाही, त्यामुळे सिनेमा त्यांनी स्वतः कधी पाहिलाच नव्हता. "मी अजून त्या कोचावरच पडलेय गो," त्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना खरंच घाबरलेल्या असायच्या.

मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्या अडूनच बसल्या. मुलगा चिडला, सून रडली. "आई, अगं भूल देतात, काही कळत पण नाही." चिडल्या की काकूंची मालवणी बाहेर यायची. "पडूक माका येता रे! पण उठवतलो कोण?" मी मोबाइलवर त्यांचा हसरा फोटो काढायला गेले, तर म्हणाल्या, "हा काय चाटायचाय? त्या सिनेमातला पाहिजे." डॉक्टर घाई करत होते आणि ह्या ऐकायला तयार नाहीत. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

मग मीही हट्टाला पेटले आणि कुणा शौकिनाने इंटरनेटवर चढवलेला तो सिनेमा शोधून काढला. चित्र खरवडलेलं, आवाज घोगरा. मोबाइल काकूंपुढे धरला. कोचावर दोन वेण्यांची, कोवळी काकू. पोट खरंच तसूभर हलत नव्हतं हो! ती बातमीदार वाकली, प्रेताच्या कानावरचे केस तिने बाजूला सारले, आणि प्रेताच्या ओठांचा कोपरा हसला. हसलाच!

मी पुन्हा लावून दाखवलं. काकूंचा चेहरा उतरला. "अरे देवा, वाट लावली मी शॉटची." मग एकदम म्हणाल्या, "सकाळपासून पडून होते गं. ती वाकली नि कानात पुटपुटली, जेवलीस का गं? दिवसभर कुणी विचारलंच नव्हतं मला." डोळे पुसून त्यांनी अजून एकदा तो प्रसंग पाहिला. "म्हणजे झालेला हो माझा हसरा शॉट," म्हणाल्या, आणि उठून हॉस्पिटलची पिशवी भरायला लागल्या.

ऑपरेशन झकास झालं. शुद्धीवर आल्या आल्या नर्सची उलटतपासणी घेतली म्हणे. पुढचे गणपती, पुढची दिवाळी आम्हाला मनसोक्त छळलं. या उन्हाळ्यात मात्र दुपारच्या जेवणाआधी जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. बायका रडत होत्या, मी जवळ जाऊन बसले. पोट हलत नव्हतं, पापणी हलत नव्हती, चेहरा सैल सोडलेला. काम अगदी चोख. मी वाकले, त्यांच्या कानावरचे पांढरे केस बाजूला सारले आणि हळूच विचारलं, "काकू, जेवलात का?"

कितीतरी वेळ मी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याकडे बघत बसले होते.